एका गोळीत

१९६९च्या पौषात मी अकोट तालुक्यातल्या आमच्या वावरात रिव्हॉल्व्हरने एक काळवीट मारला आणि गावात सांगितलं की तो एका गोळीत पडला. पुढे कितीतरी वर्षं मी हेच सांगत आलो. आज ती गोष्ट घडली तशी लिहितो आहे.

आमचं कापसाचं जिन होतं. हंगामात अकोल्याहून रोकड आणावी लागे, म्हणून वडिलांकडे बत्तीस बोअरच्या रिव्हॉल्व्हरचा परवाना होता. पीकसंरक्षणासाठी बारा बोअरची दुनळी होती ती वेगळी. दुनळीची एलजी काडतुसं फडताळात कापडात गुंडाळून ठेवलेली असत. एलजीत मोजकेच सहा छर्रे, पण एकेक नऊ मिलिमीटर जाडीचा. तीस पावलांच्या आत हरणासाठी तेच काडतूस वापरायचं, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक होतं. मलाही होतं.

तरी मी रिव्हॉल्व्हर उचललं, याला कारण एक चित्र. नागपूरला एका नातेवाइकांकडे अमेरिकन शिकारी मासिकांचा गठ्ठा पाहिला होता. त्यात एक माणूस मोठ्या हरणाशेजारी बसलेला, हातात फक्त रिव्हॉल्व्हर. खाली लिहिलं होतं, चव्वेचाळीस मॅग्नम. हे काडतूस तिकडे १९५५-५६च्या सुमारास बाजारात आलं होतं. मला एवढंच दिसलं की रिव्हॉल्व्हरने हरीण पडतं. माझं वय चोवीस होतं आणि दुनळीने मारणारे गावात आणखी चौघे होते.

जो हिशेब मी तेव्हा केला नाही, तो असा. त्या चव्वेचाळीसची गोळी सव्वा तोळ्याहून जड, वेग सेकंदाला सुमारे चौदाशे फूट. माझ्या बत्तीसची गोळी अर्ध्या तोळ्याहून किंचित जास्त, वेग सातशेच्या आसपास. वजनात जवळजवळ अडीचपट फरक, वेगात दुप्पट. आणि मार मोजताना वेगाचा वर्ग धरावा लागतो, म्हणजे फरक झाला दहापट. शिवाय माझी गोळी साध्या शिशाची, गोल टोकाची. ती आत जाऊन फुलत नाही. बारीक भोक पाडते, वरची कातडी सरकते आणि भोक झाकलं जातं. रक्त आतच राहतं. अशा जनावराचा माग निघत नाही. जिनात कापसाची प्रत मी बोटांनी सांगत असे, आणि हातातल्या काडतुसाची प्रत पाहिली नव्हती. चाळीस किलोचं जनावर, पातळ कातडी, याला ताकद ती कितीशी लागणार, असं मी धरून चाललो.

काळवीट पायी माणसाला बुजतो, बैलगाडीला बुजत नाही. मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास मी गाडीच्या आडोशाने हरभऱ्याच्या धुऱ्यापर्यंत गेलो. गाडी आमचा म्हातारा सालदार हाकत होता. बंदूक का घेतली नाही, असं त्याने निघताना एकदा विचारलं होतं. मी उत्तर दिलं नाही. पंचवीस-तीस पावलांवर नर आडवा उभा होता. खांद्यामागे नेम धरला, तेवढ्यात त्याने एक पाऊल पुढे टाकलं आणि मी चाप ओढला. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज आला. त्याने पाठीची कमान केली, थोडं चालला, मग पऱ्हाटीत पळाला. मागून आणखी दोन गोळ्या झाडल्या. त्या कुठे गेल्या ते माहीत नाही.

सालदाराने वाकून एक पान उचललं. त्यावर रक्ताचा एक थेंब आणि हिरवट ओल होती. तो म्हणाला, "भाऊ, पोटात लागली. आता थे लवकर मरत नाई, अन् जगतई नाई."

अंधार पडेपर्यंत शोधलं. बुधवारी दिवसभर शोधलं. काळ्या जमिनीच्या भेगांत खुराचा ठसा टिकत नाही आणि वर रक्त नव्हतं. गुरुवारी सकाळी सातला सालदाराला नाल्यात हिवराखाली काळवीट दिसला. मान टेकलेली, डोळे उघडे. नाकपुडीसमोरची धूळ थोडी उडायची, थांबायची, पुन्हा उडायची. मी बघत उभा राहिलो. तेव्हा सालदार म्हणाला, "तुमीच लावलं, तुमीच सोडवा." कानामागे टेकवून मी चौथी गोळी झाडली.

मांस कोणी घेतलं नाही. वडिलांनी रिव्हॉल्व्हर मागून घेतलं, पुसलं आणि तिजोरीत ठेवलं. बोलले काहीच नाहीत. ते बोलले असते तर मी संध्याकाळी पारावर खोटं बोललो नसतो, असं पुष्कळ वर्षं मनाला सांगत आलो. तेही खरं नाही. मी बोललोच असतो.

सालदार पाराच्या कडेला बसून ते ऐकत होता. त्याने मला खोटं पाडलं नाही. दोन वर्षांनी माझ्या मामेभावाने माझ्या शब्दावर विसंबून मूर्तिजापूरकडे तसल्याच रिव्हॉल्व्हरने काळवीटावर गोळी झाडली. त्याचा काळवीट सापडलाच नाही. तो मला विचारायला आला, "तुझा कसा पडला रे?" खरं सांगायची ती वेळ होती. मी म्हणालो, "तुझा नेम चुकला असेल."

१९७२चा वन्यजीव कायदा आला, काळवीट पहिल्या अनुसूचीत गेला. आज तो मारला तर किमान तीन वर्षांची कैद आहे. कायदा आला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, कारण आता ती गोष्ट कोणी विचारणार नव्हतं.

यंदा गावातला एक तरुण आला. रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, त्याची तूर आणि हरभरा तुडवला आहे. वनाधिकाऱ्याकडे रोही मारण्याच्या परवानगीसाठी अर्ज करणार होता. त्याने विचारलं, "आबा, रोह्याला रिव्हॉल्व्हर चालते ना? तुम्ही तर काळवीट एका गोळीत पाडला होता." मोठा रोही दोनशे किलोच्या वर भरतो. त्याने ही गोष्ट आजोबांकडून ऐकली होती आणि ते आजोबा त्या दिवशी पारावर होते. मी त्याला बसवून सगळं सांगितलं. आधी नुकसानीचा पंचनामा करून भरपाईचा अर्ज कर, म्हणालो. रिव्हॉल्व्हरचं मनातून काढ. आणि कुठे जखमी जनावर दिसलं तर त्याच्या मागे न लागता वनखात्याला १९२६ वर फोन कर.

त्या दिवशी पारावर होते त्यांतले आता दोघेच उरलेत. सालदार केव्हाच गेला. म्हणून इथे लिहून ठेवतो. तो काळवीट एका गोळीत पडला नव्हता. चार गोळ्या आणि एकोणचाळीस तास लागले होते, आणि एलजीची काडतुसं घरी फडताळात होती.