माघातले परसदार

पुणे-सातारा पट्ट्यात माघ उजाडतो तेव्हा परसदारी, म्हणजे घराच्या मागच्या दारालगतच्या मोकळ्या जागेत, एकाच दिवसात दोन ऋतू नांदत असतात. पहाटे पारा अकरा-बारा अंशांवर असतो आणि दुपारी तो तिशीला टेकतो. त्यामुळे पानांवरचे दव पुरते सुकण्याआधीच वाफ्याची वरची माती भुरी पडू लागते. बर्फाळ मुलखात या दिवसांत माळी जमीन मोकळी होण्याची वाट पाहत असतो. देशावरची जमीन गोठत नाही, म्हणून इथली शिशिरातली मशागत ही पुढे येणाऱ्या वैशाखाची तजवीज असते आणि तिचा खरा विषय पाणी हाच असतो.

मेथी आणि कोथिंबीर तोवर फुलावर आलेली असते, मुळ्याला डिंगऱ्या, म्हणजे कोवळ्या शेंगा, लागलेल्या असतात. त्या भाजीसाठी खुडल्या आणि बियाण्यापुरती दोन-चार झाडे राखली की बाकीचा वाफा उपटून खणायला घेतात. खणण्यासाठी वाफसा साधावा लागतो. मुठीत दाबलेल्या मातीचा गोळा व्हावा आणि बोटाने ढोसताच तो फुटावा, अशा ओलाव्याला वाफसा म्हणतात; काळ्या मातीत तो चुकला तर चिखल तरी होतो किंवा कुदळीला दाद न देणारी ढेकळे तरी निघतात. ढेकळे काही दिवस तापू दिल्यावर त्यांत पुरते कुजलेले शेणखत मिसळतात, कारण कच्च्या शेणाबरोबर मुळे कुरतडणारी हुमणी वाफ्यात शिरते.

बी टोकण्याची घाई मात्र अंगाशी येते. सुमारे 20 अंशांखालच्या थंड मातीत भेंडी नीट रुजत नाही, तिचे बी कुजूनच जाते. रथसप्तमीनंतर, रात्रीचा गारठा ओसरू लागल्यावर पेरणी करणे म्हणूनच शहाणपणाचे ठरते. कारल्या-पडवळाच्या बियांचे कवच कठीण असते, तेव्हा त्या रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवतात आणि टोकाशी पांढरा कोंब डोकावला की आळ्यात, म्हणजे पाणी मुळाशी थांबावे म्हणून केलेल्या गोल खळग्यात, लावतात.

मोगऱ्याची रीत सर्वस्वी वेगळी आणि परसबागेतली सर्वांत विलक्षण आहे. या झाडाचे पाणी आधी काही आठवडे तोडतात, ज्याला ताण देणे म्हणतात. पाने पिवळी पडून गळू लागली की काड्या छाटतात, बुंध्याभोवतीची माती हलक्या हाताने उकरून तिला ऊन दाखवतात आणि मगच खत घालून भरपूर पाणी देतात. छाटलेल्या काडीच्या पेरापेराशी तांबूस-हिरवे डोळे फुगतात, त्यांतून निघालेल्या नव्या फुटीच्या टोकाला कळ्या धरतात आणि चैत्राच्या सुमारास झाड बहरते. कोरडेपणाने वाळवून बहर मिळवण्याचे हे तंत्र केवळ निरीक्षणातून उमगले असावे आणि त्यामागची चिकाटी थोर म्हटली पाहिजे. शेजारची शेवंती त्याच वेळी ओसरलेली असते. तिचे वाळलेले दांडे जमिनीलगत कापून बुडातून फुटलेल्या काश्या, म्हणजे पुढच्या लागवडीची रोपे, बेताच्या पाण्यावर जगवाव्या लागतात.

बदामाची लाल आणि इतर झाडांची पिवळी पाने या दिवसांत अंगणभर साचतात आणि बहुतेक ठिकाणी ती पेटवून दिली जातात, ही या ऋतूतली खरी उधळपट्टी होय. तोच पाचोळा आळ्यात चार बोटे जाड पसरला तर माती दुपारीही गार राहते, दोन पाण्यांमधले अंतर वाढते आणि पावसाळ्यानंतर त्याचेच खत होते. न्हाणीचे पाणी पूर्वीपासून अळू आणि केळीकडे वळवले जाई, त्यामुळे आडाचे पाणी वेलींसाठी उरत असे. अशा आळ्यातला कारल्याचा वेल फाल्गुन सरता सरता मांडवावर पोचतो; त्याची पहिली बरीचशी फुले नर असल्याने नुसतीच गळतात आणि पाकळ्यांखाली इवलेसे खरबरीत कारले घेऊन येणारी मादी फुले त्यामागून काही दिवसांनी दिसू लागतात.