प्रस्ताव पाच प्रतींत

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस चंद्रपूरच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या मास्तराला संशोधनासाठी पैसे हवे असले, तर आधी अंतराचा हिशोब करावा लागे. विद्यापीठ नागपूरला, दीडशे किलोमीटरवर. विद्यापीठ अनुदान आयोगाचं विभागीय कार्यालय पुण्याला, गणेशखिंडीत. गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्यात शिकवणाऱ्याचा तर नागपूर गाठण्यातच अख्खा दिवस जाई.

तेव्हा आमची धाव ‘मायनर’पर्यंत. मायनर रिसर्च प्रोजेक्ट. डीटीपीच्या दुकानात बसून प्रस्ताव टाइप करायचा, पाच प्रती काढायच्या, प्राचार्यांची सही आणि रजिस्टर्ड पोस्ट. कॉलेज आयोगाच्या २(फ) आणि १२(ब)च्या यादीत नसेल तर प्रश्नच मिटला. मंजुरी आली की पैसे प्राचार्यांच्या नावे येत. तीन कोटेशनांशिवाय साधी हँडलेन्सही घ्यायची सोय नव्हती, आणि घेतली की डेडस्टॉक रजिस्टरात तिची नोंद.

हे सगळं सांभाळायचे ते आमचे हेडक्लार्क. संशोधन विभाग म्हणावा तर तेच. “सर, प्रवासभत्त्यातून कॅमेरा बसणार नाही, हेड वेगळं आहे,” असं म्हणून ते अंदाजपत्रक परत करायचे. पण त्याआधी त्यांनी अख्खा प्रस्ताव वाचलेला असे. भामरागडला जुलैतच कशाला जाता, रस्ते बंद असतात, हे त्यांनीच विचारलं होतं. पावसाळी वनस्पती पावसाळ्यातच मिळतात, हे त्यांना पटवावं लागलं. त्यांचंच मात्र खरं निघालं: वर्तमानपत्रात दाबलेले नमुने ओलीनं बुरसले आणि शेवटी एका घरात चुलीच्या वर टांगून वाळवले.

संदर्भ मिळवायचे तर नागपूरच्या ग्रंथालयात बसून सारांश वहीत उतरवायचे. परदेशी लेखकाला रीप्रिंट मागणारं कार्ड टाकायचं. दोन-तीन महिन्यांनी पाकीट आलंच, तर निबंध आमचा आणि तिकीट मुलांचं. या कष्टांचं मला फारसं प्रेम नाही. वहीत सारांश उतरवण्यात काही तप नव्हतं, निव्वळ वेळ जात होता.

गंमत अशी की, गडचिरोलीच्या याच जंगलातलं जगानं दखल घेतलेलं संशोधन आम्हा कॉलेजवाल्यांच्या हातून झालंच नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी वसा आणि अमिर्झा या गावांतल्या स्त्रियांच्या आजारांवर केलेला अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग १९९९ मध्ये. मेंढा-लेखा गावचे लोक अभ्यासगटात बसून आपलं जंगल समजून घेत होते. २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला. आम्ही मात्र खर्चाच्या विनियोग प्रमाणपत्रावर, म्हणजे यूसीवर, सीएची सही कधी होते याची वाट पाहत होतो.

२७ सप्टेंबर २०११ रोजी गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालं आणि चंद्रपूर-गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांची नागपूरवारी संपली. राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीनं विद्यापीठात विज्ञान व तंत्रज्ञान संसाधन केंद्र उभं राहिलं. २०१६च्या विद्यापीठ कायद्यानं संशोधन मंडळ हे प्राधिकरणच केलं. वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना प्रशिक्षण देण्याचं काम विद्यापीठानं अंगावर घेतलं, ते मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. जंगल राखणाऱ्या माणसांशी आमचं नातं तोवर ‘माहितीदार’ एवढंच होतं. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांचं गाव यायचं, नाव नाही. संदर्भांचं म्हणाल तर आता ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशभरचे प्रबंध उघडतात. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला तीन वर्षांसाठी ६,००० कोटी मंजूर केले, म्हणजे सुमारे १३,००० नियतकालिकं, पण ती सरकारी संस्थांसाठी. इथले बहुतेक प्राध्यापक खासगी अनुदानित कॉलेजांत आहेत, ही मेख कोणाच्या लक्षात आली का?

प्रस्ताव आता पोर्टलवर चढतो. हेडक्लार्कच्या जागी साहित्यचौर्य तपासणारं सॉफ्टवेअर. ते टक्केवारी सांगतं, जुलैतले रस्ते बंद असल्याचं सांगत नाही.

पण खरा फरक वेगळाच आहे. आमच्याकडे पैसे नव्हते, पण नोकरीची कायम पोस्ट होती. आज पैशांपर्यंतची वाट पुष्कळ सोपी झाली आणि पोस्टच रिकामी. शिकवतात ते तासिका तत्त्वावरचे तरुण. नेट-सेट, पीएचडी सगळं झालेले, उन्हाळ्यात मानधनही नसलेले. त्यांतली एखादी माडिया घरची भाषा म्हणून बोलते, कोणता कंद कुठल्या महिन्यात खणायचा हे तिला आजीकडून ठाऊक असतं. पोर्टल विचारतं: नियमित नियुक्ती आहे का? बहुतेक योजनांत ‘नाही’ लिहिलं की अर्ज तिथेच थांबतो. मग प्रस्ताव ती लिहिते आणि प्रमुख संशोधक म्हणून एखाद्या कायम प्राध्यापकाचं नाव जातं. शोधनिबंधात तिचं नाव दुसरं, आणि प्रवासभत्ता पहिल्या नावाला.