घेवडा, हळद आणि मसाल्याची मर्यादा

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सातारा मागे पडले की कोरेगाव येते. माघ संपत आलेला असतो, रानातील ज्वारी पिवळी पडू लागलेली असते आणि घेवड्याचे पीक तर केव्हाच निघून पोत्यांत गेलेले असते. तरीही घेवड्याच्या शोधात निघालेल्याने प्रथम येथेच उतरावे. येथील ‘वाघ्या घेवडा’ २०१६ साली भौगोलिक मानांकनास पात्र ठरला. फिकट दाण्यावर तांबूस पट्टे, म्हणून वाघ्या. मृगाच्या पावसावर पेरावा, अडीच महिन्यांत काढावा, असे हे अल्पायुषी पीक. हलकी जमीन आणि पावसाळ्यातील थंड हवा त्यास मानवते. दाणा शिजला की पट्टे विरून जातात आणि सारा दाणा एकरंगी तपकिरी होतो.

आपल्या घरांत अशा कडधान्यांस विशेष मान आहे. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य करणारी कुटुंबे आहेत. चातुर्मासात पालेभाजी घरात न आणणारी तर पुष्कळच. मग घेवडा, चवळी, पावटा, मूग हेच पानातील मुख्य पदार्थ होतात. त्यातही मोड आणायचे नाहीत, कारण अंकुरित धान्य आपल्याकडे निषिद्ध. आंबटपणासाठी ताक-दही घालायचे नाही, कारण द्विदलाचा दोष. कांदा, लसूण आणि ओले आले यांचा तर प्रश्नच नाही. असे एक-एक दार बंद होत गेल्यावर चवीचा सारा भार मसाल्यावर येऊन पडतो. म्हणून कडधान्याचा मसाला ही आपल्या स्वयंपाकघरातील किरकोळ बाब नव्हे.

कोरेगावहून निघालेली गाडी रहिमतपूर, कराड, किर्लोस्करवाडी करीत सांगलीला पोहोचते. या दिवसांत सांगलीच्या बाजारात नव्या हळदीचे सौदे जोरात असतात. पेठेत शिरताच आधी तो पिवळा गंध भेटतो, दुकाने नंतर दिसतात. ‘राजापुरी’ वाणाच्या हळदीने या शहराला नाव दिले आणि सांगलीच्या हळदीस २०१८ साली मानांकनही मिळाले. वाचकांपैकी ज्यांची या पेठेत वा अन्य गावी पिढीजात पेढी आहे, त्यांना हळकुंड आणि गट्ठा यांतील भेद मी सांगणे म्हणजे धाडसच. परंतु त्यांच्या घरातील नव्या सुनांसाठी एवढे सांगितले पाहिजे की, ओली हळद कंदमूळ म्हणून वर्ज्य, तर हळकुंड ग्राह्य; कारण ते शिजवून, वाळवून, घासून तयार होते आणि त्यात पुन्हा रुजण्याची शक्ती उरत नाही. सुंठीचाही न्याय तोच.

सांगलीपासून जवळच, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तेथील जमिनीत खोल पेवे खणून त्यांत हळद साठविण्याची रीत होती. विशिष्ट मातीमुळे पेवातील हळद वर्षानुवर्षे टिके आणि तिला कीड लागत नसे. २००५ च्या महापुरात ही पेवे पाण्याखाली गेली आणि फार मोठी हानी झाली. पेवांची जमीन पाहताना मनात येते ते असे : पूर्वजांनी साठविण्याची विद्या कमालीची सिद्ध केली, पण साठविली ती अखंड हळकुंडे, पूड नव्हे.

येथेच आपल्या विषयाचा गाभा आहे. दक्षिण महाराष्ट्रात फाल्गुन-चैत्रात वर्षाचे तिखट करण्याची प्रथा घरोघर आहे. जैन घरांतही ती आली. फक्त कांदा-लसूण वगळले गेले. आता तर बाजारात ‘जैन मसाला’ असे छापलेली पाकिटे मिळतात. त्या छापाचा अर्थ एवढाच की त्यात कांदा-लसूण नाही. तो मसाला केव्हा दळला, याविषयी त्या शब्दातून काहीच कळत नाही. दिगंबर परंपरेत मात्र पिठाला आणि दळलेल्या मसाल्याला मर्यादा सांगितली आहे : हिवाळ्यात ७ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३. या हिशेबाने वर्षाचा डबा आठवडाभरातच मर्यादेबाहेर जातो. घरात कोणी व्रती असेल, त्यागींसाठी चौका लावायचा असेल, तर तो डबा उपयोगाचा नाही. माझ्या मते मसाल्याचे जैनत्व त्यातून काय वगळले यापेक्षा तो कधी कुटला यावर अधिक अवलंबून आहे.

केवळ शास्त्र म्हणून नव्हे, पाकशास्त्र म्हणूनही ही मर्यादा पटते. खोबरे आणि तीळ यांत तेल असते. कुटल्यावर ते हवेशी अधिक मिसळते आणि खवट होते. धन्या-जिऱ्याचा सुगंधही असाच उडून जातो. अख्खा दाणा आपला गंध कवचात राखून ठेवतो. म्हणून साठवायचा तो खडा मसाला, आणि कुटायचा तो लागेल तेवढाच.

सांगलीच्या पेठेतून घ्यावयाचे जिन्नस बहुतेक सर्वपरिचित आहेत. मिरची दोन प्रकारची घ्यावी : हावेरी जिल्ह्यातील ब्याडगीची सुरकुतलेली मिरची रंगासाठी आणि संकेश्वरी तिखटासाठी. हिंगाच्या बाबतीत मात्र थोडे थांबले पाहिजे. हिंग म्हणजे एका वनस्पतीच्या मुळातून पाझरणारा चीक. तो इराण-अफगाणिस्तानातून येतो. आपल्याकडे हिमाचलातील लाहौलमध्ये त्याची लागवड सुरू झाली ती २०२० साली. पूर्वी तो चामड्याच्या पिशव्यांतून येई, आणि आपल्या श्रावकाचारांत चर्मातील हिंग दोषास्पद सांगितला आहे. आज चामडे गेले. परंतु बाजारातील बांधणी हिंगात डिंक आणि पीठ मिसळलेले असते. पीठ आले की मर्यादेचा प्रश्न पुन्हा आलाच. शोधाचा स्वयंपाक असेल तर शुद्ध खडा हिंगच घ्यावा. तो महाग पडतो, पण हरभऱ्याएवढा तुकडा चार वेळा पुरतो.

दगडफुलाविषयी मतभेद आहेत. नावात फूल असले तरी ते फूल नव्हे. बुरशी आणि शेवाळ यांच्या सहवासातून खडकांवर व झाडांच्या सालींवर वाढणारा तो जीव आहे. हे कळल्यावर मी ते वगळणेच पसंत करते. त्याची धुरकट चव मसाला वेलचीने भरून निघते, कारण तीही भट्टीच्या धुरावर वाळविलेली असते. खसखस बहुबीज म्हणून काही घरांत चालत नाही. तेथे तीळ आहेतच.

हिवाळ्यातील आठवड्यापुरते प्रमाण असे : धने ५० ग्रॅम, ब्याडगी २५, संकेश्वरी १०, जिरे १०, तीळ १५, सुके खोबरे २०, १०-१२ मिरे, ५ लवंगा, बोटभर दालचिनी, २ मसाला वेलच्या, २ तमालपत्रे, एक हळकुंड, सुंठेचा लहान तुकडा आणि हिंग. पावसाळ्यात हे सारे निम्मे घ्यावे. सर्व जिन्नस निवडून, उन्हात तापवून, मंद आचेवर वेगवेगळे भाजावेत. धने आणि तीळ एकत्र भाजले तर तीळ करपतात. हळकुंड व हिंग थोड्या तेलात तळून घ्यावेत. हळकुंड आधी खलबत्त्यात फोडावे, नाहीतर मिक्सरचे पाते तक्रार करते.

आता घेवडा. पावसाळ्यात आपण शिजवितो तो गेल्या हंगामाचा असतो, आणि दाणा जितका जुना तितका तो शिजायला हट्टी. भोक पडलेला दाणा एकेक पाहून बाजूला काढावा. गाळलेल्या पाण्यात ८-१० तास भिजवावा आणि मोड दिसण्यापूर्वीच चुलीवर चढवावा. भिजवणीचे पाणी शिजविण्यास घेऊ नये, आणि दाणे चांगले खळखळून उकळू द्यावेत. अर्धाकच्चा घेवडा पोटाला बाधतो. आमसूल दाणा पूर्ण मऊ झाल्यावरच घालावे, कारण आंबट पाण्यात घेवडा मऊ होत नाही. कांद्याचे वाटण नसल्याने रस्सा पातळ राहील ही भीती व्यर्थ आहे. पळीभर शिजलेले दाणे घोटून परत घातले की तो आपोआप दाट होतो. वाटीभर घेवड्याला दोन चमचे मसाला, किंचित गूळ, एवढे पुरे.

सांगलीहून पुढे मिरज-कोल्हापूर मार्गावर हातकणंगले स्थानक आहे. तेथून कुंभोजची बाहुबली टेकडी फार दूर नाही. १९३४ साली गुरुदेव समंतभद्र महाराजांनी येथे गुरुकुल सुरू केले, आणि १९६३ पासून २८ फूट उंचीची भगवान बाहुबलींची शुभ्र मूर्ती येथे उभी आहे. सायंकाळी दर्शन घेऊन उतरताना पायऱ्यांवर यात्रेकरूंची घाई दिसते. सूर्यास्तापूर्वी पान वाढले गेले पाहिजे. ज्या सोबतिणींनी सांगलीत खडा मसाला घेतला होता, त्यांच्या पिशव्यांतून धन्यांचा मंद वास येत होता. त्यांतील एकीच्या सासूबाईंनी यंदा व्रत घेतले आहे. घरी पोहोचल्यावर पहिला घाणा चतुर्दशीच्या आदल्या दिवशी कुटायचा, असे तिने गाडीतच ठरविले होते.