रिकाम्या बराकी

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर आम्ही उभे होतो. सोबतच्या गृहस्थांनी समोरच्या शाळेकडे बोट दाखविले. "फादर, या मुळात गोऱ्या सोजिरांच्या बराकी." 1858 नंतर किल्ल्यावर इंग्रजांची फौज असे. 1886 मध्ये झाशी घेऊन त्यांनी किल्ला व मुरारची छावणी शिंद्यांना परत केली. सरदारांच्या मुलांसाठी 1897 मध्ये निघालेली शाळा पुढे त्याच बराकींत भरू लागली. तीच आजची सिंधिया स्कूल.

फौज गरजेपोटी वाढते. पण गरज सरली तरी इमारती, खाती आणि हुद्दे मागे उरतात. आपल्या स्वतंत्र देशासही हा प्रश्न चुकला नाही. 2016 मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी निवृत्त लेफ्टनंट जनरल शेकटकर यांची समिती नेमली. लढाऊ बळ वाढावे व वायफळ खर्च आटोक्यात यावा, हा तिचा हेतू. पुढल्या वर्षी सरकारने तिच्या 65 शिफारशी स्वीकारल्या. सुमारे 57,000 पदांची फेरमांडणी आणि 39 लष्करी गोशाळा बंद करणे, हे त्यांत आले.

पहिली गोशाळा 1889 मध्ये अलाहाबादेस निघाली. शिपायास निर्भेळ दूध मिळावे, एवढाच उद्देश. तो त्या काळी रास्तच होता. पुढे सहकारी दूधसंघ उभे राहिले आणि फौजेने गाई पाळण्याचे कारण उरले नाही. 31 मार्च 2021 रोजी ते खाते मिटले. गाई सरकारी खात्यांस व दूधसंघांस दिल्या. नोकरांना संरक्षण खात्यातच दुसरीकडे काम दिले.

हे आठवले आणि आम्ही मनोमन खजील झालो. पूर्वीच्या एका धर्मग्रामात टंचाईच्या काळी बांधलेले धान्यकोठार होते. आत दाणा नव्हता, तरी आम्ही दरसाल छप्पर शाकारीत होतो, राखणदारास पगार देत होतो. त्यास 'आता नको' म्हणण्याचे धैर्य आम्हांस नव्हते; त्यालाच आम्ही दया समजत होतो. अखेर तोच म्हणाला, "फादर, रिकाम्या कोठाराची राखण करताना लाज वाटते. खरे काम द्या."

पुढे तो शाळेची बाग पाहू लागला, आणि कोठारात मुलींचा शिवणवर्ग भरू लागला.

वाचकहो, 57,000 पदे हा आकडा कागदावर लहान दिसतो. प्रत्येक पदामागे एक चूल असते. ज्याची गरज संपली ते अवश्य मिटवावे. मात्र आधी माणसाची सोय पाहावी, मगच दारास कुलूप लावावे.