बदाम आहेत म्हणून

इटलीत तस्कनी प्रांतातलं प्रातो हे शहर कापडाइतकंच ‘कान्तुच्ची’ या बदामी बिस्किटांसाठी ओळखलं जातं. अंतोनिओ मात्तेई यांनी १८५८ मध्ये तिथे दुकान थाटलं आणि ही बिस्किटं दूरवर पोचवली. जुन्या पद्धतीत लोणी नाही, तेल नाही. पीठ, साखर, अंडी आणि सालासकट अख्खे बदाम. लांबट लाद्या भाजून गरम असतानाच तिरक्या कापतात. सुरी बदामातूनही जाते, त्यामुळे प्रत्येक कापावर तपकिरी कडेची पांढरी चकती उमटते. ती चकती पाहून ‘बदाम आहेत, म्हणजे पौष्टिकच’ असं वाटणं साहजिक आहे. पण हिशेब मांडला तर ते टिकत नाही. नेहमीच्या कृतीत पाव किलो पिठाला पावणेदोनशे ग्रॅम साखर आणि सव्वाशे ग्रॅम बदाम पडतात. म्हणजे दहा ग्रॅमच्या एका कापात जेमतेम दोन बदाम, तीन ग्रॅम साखर आणि सुमारे ४५ कॅलरी. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम बदाम पोटात जायला चौदा काप खावे लागतील, आणि त्यांच्यासोबत चाळीसच्या वर ग्रॅम साखर जाईल. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आतच राहा म्हणते.

मग पीठच नसलेली ‘आमारेत्ती’ ही दुसरी इटालियन बदामी बिस्किटं बरी, असं कुणी म्हणेल. पण त्यांच्यात साखर बहुधा बदामांच्या बरोबरीने असते, आणि बदाम असतो कुटलेला. हा फरक मला मोलाचा वाटतो. अमेरिकेत २०१२ साली झालेल्या एका अभ्यासात अख्ख्या बदामांतून शरीराला अपेक्षेपेक्षा कमी ऊर्जा मिळाल्याचं दिसलं; २८ ग्रॅमला १७० च्या जवळपास धरलेल्या कॅलरी १२९ च भरल्या. बदामाच्या पेशींच्या भिंती फुटत नाहीत तोवर आतली चरबी आतच राहते. बारीक कुटलं की ती सुटते. कान्तुच्चीत बदाम कापला जातो, कुटला जात नाही. शिवाय काप इतके कडक की घाईने संपत नाहीत, आणि माझ्या मते त्यांची खरी पौष्टिकता या सावकाशीत आहे. त्यावरही आक्षेप येईल: तस्कनीत जेवणानंतर ते ‘विन सांतो’ या गोड वाइनमध्ये बुडवतात, मग कडकपणा कुठे उरला? खरं आहे, आणि वाइनची साखर वर. पण तिथे पेला लहान असतो, आणि त्याच्यासोबत काप येतात ते दोन-तीनच.