आजी-आजोबा, नातवंडे आणि थरचे वाळवंट

सहकुटुंब प्रवासाचा बेत ठरवताना दोन पिढ्यांचे मत सहसा शेवटी विचारले जाते. एक घरातील ज्येष्ठांची, दुसरी चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींची. ज्येष्ठ म्हणतात, ‘‘तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळतो.’’ मुले म्हणतात, ‘‘तिथे आम्ही काय करायचे?’’ या दोन्ही उत्तरांमागे एकच शंका असते: आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होईल, किंवा इतरांमुळे आपला. पण आजोबांचे गुडघे चालते आहेत आणि नातवंडांना घरच्यांसोबत यावेसे वाटते आहे, अशी एकत्र वर्षे कोणत्याही घरात फार थोडी असतात. दहावी-बारावीनंतर मुले आपापल्या वाटेला लागतात, आणि इकडे रक्तदाबाच्या गोळीला आणखी दोन गोळ्यांची सोबत मिळते. म्हणून ही वर्षे हातची जाऊ देऊ नयेत.

अशा तीन पिढ्यांच्या प्रवासासाठी मी अनेक कुटुंबांना जैसलमेर सुचवतो. वाळवंट आणि वृद्धत्व हे समीकरण प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. प्रत्यक्षात वाळवंटाचा दिवस निसर्गतःच विभागलेला असतो. सकाळ आणि संध्याकाळ बाहेर पडण्याची, दुपार विश्रांतीची. हा क्रम ज्येष्ठांच्या प्रकृतीला जितका मानवतो, तितकाच उशिरा उठणाऱ्या कुमारवयीन मुलांच्या स्वभावालाही मानवतो. अट एवढीच की, सर्वांनी सर्व काही एकत्रच केले पाहिजे हा हट्ट सोडावा.

ऋतू आणि तिथी

शाळेच्या सुट्ट्या तीन. त्यांपैकी मे महिना वाळवंटासाठी पूर्णतः वर्ज्य. तेव्हा तेथील पारा 40 अंशांच्या पुष्कळ वर असतो. दिवाळीच्या सुमारास दुपारचे ऊन अजून कडक असते. नाताळची सुट्टी सर्वांत सोयीची. डिसेंबर-जानेवारीत दुपारी तापमान 25 अंशांच्या आसपास असते, पहाटे मात्र ते 7-8 अंशांपर्यंत उतरते. हा 15-17 अंशांचा फरक लक्षात घेऊन कपडे न्यावेत. एका जाड कोटापेक्षा एकावर एक घालता-काढता येतील असे तीन थर, कानटोपी, हातमोजे आणि झोपताना घालायचे मोजे अधिक उपयोगी.

जैसलमेर देशाच्या पश्चिम टोकाजवळ असल्याने डिसेंबरअखेर तेथे सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो. आपल्याकडील ज्येष्ठांना पाच वाजता उठून फिरायला जाण्याची सवय असते. तेथे ती चार दिवस बाजूला ठेवावी. पहाटेच्या कडक थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयविकार असलेल्यांना छातीत दुखू शकते. ऊन अंगावर आल्यावरच बाहेर पडावे. मुलेही तोवर जागी झालेली असतात!

तिथीचाही विचार करावा. मुलांना दाट तारे पाहायचे असतात, त्यासाठी अमावास्येच्या जवळपासचे दिवस उत्तम. ज्येष्ठांना पायाखालचे नीट दिसणे महत्त्वाचे, त्यासाठी पौर्णिमा बरी. माझ्या मते शुद्ध पंचमी ते अष्टमी हा मध्यममार्ग चांगला. संध्याकाळी चंद्रप्रकाश मिळतो आणि मध्यरात्रीपर्यंत चंद्र मावळून आकाश मुलांच्या ताब्यात जाते. माघ पौर्णिमेच्या सुमारास तेथे मरुमहोत्सव भरतो. तो रंगतदार असतो, परंतु गर्दी सोसत नसेल त्यांनी ते दिवस टाळावेत.

प्रवास आणि मुक्काम

मुंबई-पुण्याहून अनेक कुटुंबे प्रथम जोधपूर गाठतात. तेथून जैसलमेर सुमारे 280 किलोमीटर, म्हणजे मोटारीने पाच तासांचा रस्ता. सलग बसून राहिल्याने पायांतील शिरांत रक्त साकळण्याचा धोका वाढतो, म्हणून दर दीड-दोन तासांनी उतरून पाच मिनिटे चालावे. वाटेत पोखरण लागते. 1974 आणि 1998 च्या अणुचाचण्यांमुळे हे नाव मुलांनी पुस्तकात वाचलेले असते. चहासाठी तेथे थांबले तर पायही मोकळे होतात आणि विषयही निघतो.

तीन रात्री हाताशी असतील तर पहिली जैसलमेर शहरात काढावी, दुसरी वाळूतील तंबूत आणि तिसरी पुन्हा शहरात. प्रवासाच्या थकव्यावर लगेच तंबूतील थंडी नको, आणि पहिल्या रात्री काही त्रास झालाच तर जिल्हा रुग्णालय शहरातच आहे. वाळूच्या टेकड्यांसाठी प्रसिद्ध असलेले सम हे गाव शहरापासून सुमारे 40 किलोमीटरवर आहे. रात्री तेथून परतायला पाऊण-एक तास लागतो, हे विसरू नये.

तंबू म्हटले की कष्टाचे चित्र डोळ्यांपुढे येते, पण आजकालच्या तंबूंना पलंग आणि जोडून न्हाणीघर असते. आरक्षण करताना जलतरण तलाव आणि नृत्याचा कार्यक्रम यांची चौकशी सगळेच करतात. ज्येष्ठांच्या वतीने आणखी काही प्रश्न विचारावेत. कमोड आहे का, आणि शेजारी धरायला दांडी आहे का? तंबूपासून भोजनगृहापर्यंतची वाट फरसबंद आहे की वाळूची, आणि तिच्यावर रात्री दिवे असतात का? वीज रात्रभर असते का? झोपेत श्वासासाठी यंत्र लावणाऱ्यांच्या दृष्टीने हा शेवटचा प्रश्न निर्णायक आहे. तंबूच्या दोऱ्या आणि जमिनीत ठोकलेल्या खुंट्या अंधारात दिसत नाहीत. रात्री लघवीला उठणाऱ्यांच्या उशाशी बॅटरी हवीच.

एकाच टेकडीवर, वेगवेगळ्या वाटांनी

सूर्यास्त पाहायला टेकडीवर जाण्याचे तीन मार्ग: उंट, जीप आणि उंटगाडी. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे स्वार एकदम पुढे झुकतो. बसताना तो आधी पुढचे पाय दुमडतो आणि स्वाराला पुन्हा तोच हिसका बसतो. अस्थी ठिसूळ झालेल्या, खुब्याची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या, तोल जाणाऱ्या किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या व्यक्तींनी हा मोह टाळावा. वाळूत उड्या घेत जाणारी जीप मान आणि पाठीच्या मणक्यांना त्याहून अपायकारक. आजी-आजोबांसाठी उंटगाडी सर्वांत सुरक्षित. तिच्यात टेकून बसता येते आणि उंट पाहण्याची हौसही भागते. वाळूत काठीचे टोक रुतते, म्हणून तेथे काठीपेक्षा नातवाचा दंड अधिक भरवशाचा.

मुलांना उंट, जीप, क्वाड बाइक सारेच हवे असते. त्यांना सरसकट नकार देऊ नये, पण नियम आधी ठरवावेत. क्वाड बाइकवर शिरस्त्राणाशिवाय बसायचे नाही, ती स्वतः चालवायची नाही, आणि धावत्या जीपमध्ये उभे राहून छायाचित्रे काढायची नाहीत. मणक्याला आणि डोक्याला होणारी इजा वय पाहत नाही.

शहरातील किल्ल्याबाबतही हेच धोरण ठेवावे. रावल जैसल याने 1156 मध्ये वसवलेला हा पिवळ्या वालुकाश्माचा किल्ला आजही नांदता आहे. आत घरे आहेत, दुकाने आहेत, कोरीव जैन मंदिरे आहेत. 2013 पासून राजस्थानातील इतर डोंगरी किल्ल्यांसह तो जागतिक वारसा यादीत आहे. चढणीची वाट दगडी असून पावलांनी गुळगुळीत झालेली आहे, तेव्हा बूट खरखरीत तळव्याचे असावेत आणि वर शक्य तेथवर रिक्षाने जावे. किल्ल्यातील निवासांपेक्षा खाली शहरात उतरणे मला योग्य वाटते. चढउतार वाचते, शिवाय किल्ल्याच्या पायथ्यात मुरणाऱ्या सांडपाण्याने त्याच्या भिंतींचे नुकसान होत आले आहे, त्यात आपली भर पडत नाही. ज्यांना चढायचेच नाही त्यांनी गडीसर तलावाच्या काठी सकाळच्या उन्हात बसावे. मुले किल्ला पालथा घालून येईपर्यंत तेथे वेळ छान जातो.

दोन्ही पिढ्यांच्या आवडीचे

वेगळे कार्यक्रम असावेत तसे रोज एखादे सामाईकही असावे. बारमेरच्या रस्त्यावर सुमारे 17 किलोमीटरवर आकल येथे जीवाश्म उद्यान आहे. सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षांचे दगड झालेले बुंधे तेथे उघड्यावर पडलेले दिसतात. आज जेथे खेजडीची तुरळक झाडे आहेत, तेथे एके काळी अरण्य होते, हे पाहून मोबाइलमधून डोके वर न काढणारा मुलगाही थबकतो.

पक्ष्यांची आवड असलेल्यांनी मरुभूमी राष्ट्रीय उद्यानात जावे. माळढोक हा आता अतिदुर्मीळ झालेला पक्षी तेथे अजून टिकून आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर पूर्वी माळढोक पाहिलेले ज्येष्ठ आपल्या वाचकांत असतील. नातवंडांना त्यांनी ती आठवण तेथे उभे राहून सांगावी. पक्षी दिसेलच असे मात्र कोणालाही कबूल करू नये.

लोंगेवालाची ओढ बहुतेक मुलांना असते. डिसेंबर 1971 मध्ये तेथील मोजक्या जवानांनी रणगाड्यांचा हल्ला रात्रभर थोपवून धरला. आज सत्तरी ओलांडलेली मंडळी त्या वेळी सोळा-सतरा वर्षांची, म्हणजे आजच्या नातवंडांच्याच वयाची होती. खिडक्यांना लावलेले काळे कागद, मोटारींच्या अर्ध्या काळ्या केलेल्या दिव्यांचा उजेड आणि रेडिओभोवती जमलेली चाळ त्यांना आठवते. मुलांनी चित्रपटात पाहिलेले युद्ध आणि आजीने अंधारात अनुभवलेले युद्ध येथे एकत्र येते. मात्र लोंगेवाला आणि तनोट एकाच दिवशी करायचे तर मोटारीचा प्रवास 300 किलोमीटरच्या जवळ जातो. ज्यांना तो झेपणार नाही, त्यांच्यासाठी जोधपूर रस्त्यावर शहरापासून थोड्याच अंतरावर लष्कराचे युद्धसंग्रहालय आहे.

आणि रात्रीचे आकाश. हिवाळ्यात मृग नक्षत्र, रोहिणी, कृत्तिका आणि तेजस्वी व्याध सहज ओळखता येतात. मुलांकडे तारे दाखवणारे ॲप असते, आजोबांना नक्षत्रांची नावे पाठ असतात. खुर्ची, घोंगडी आणि कानटोपी एवढी तयारी असली की पुरे. मान फार वेळ मागे टाकून बसू नये. पाठ टेकता येईल अशी कललेली खुर्ची घ्यावी. दमा किंवा जुनाट श्वसनविकार असेल तर शेकोटीच्या धुरापासून दूर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसावे आणि श्वासातून घ्यायचे औषध खिशात ठेवावे.

पाणी, औषधे आणि जेवण

कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, त्यामुळे शरीरातले पाणी घटते आहे हे कळत नाही. त्यातच वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. आणखी एक कारण दवाखान्यात मला वारंवार ऐकू येते: वाटेत शौचालय मिळणार नाही या धास्तीने अनेक स्त्रिया पाणीच पीत नाहीत. परिणामी चक्कर, बद्धकोष्ठता, मूत्रमार्गाचा संसर्ग. म्हणून पाण्याआधी शौचालयाच्या थांब्यांचे नियोजन करावे आणि ते आजीला आधीच सांगावे. लघवीचा रंग गडद झाला तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असलेल्यांनी किती प्यावे, हे आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाची काही औषधे आणि मधुमेहासाठी दिली जाणारी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन यांच्याबाबत निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे: जुलाब-उलट्या झाल्यास यांपैकी कोणती थांबवायची? स्वतःच्या मनाने मात्र कोणतेही औषध बंद करू नये. इन्शुलिन उन्हात उभ्या मोटारीत ठेवू नये, आणि बर्फाला थेट चिकटूनही ठेवू नये. गोठलेले इन्शुलिन निकामी होते.

तंबूतील लोकसंगीताचा कार्यक्रम लांबतो आणि जेवण उशिरा येते. जेवणाआधीचे इन्शुलिन ताट समोर आल्यावरच घ्यावे, आणि ज्येष्ठांसाठी थोडे लवकर वाढण्याची विनंती आधीच करून ठेवावी. दालबाटी, गट्टे, केर-सांगरी जरूर चाखावीत, पण तूप आणि मीठ यांचा हात तेथे सढळ असतो. बाजरीची भाकरी आणि ताक पचायला आपल्या ओळखीचे.

कामे वाटून घ्यावीत

अशा सहलीत सर्वाधिक दमते ती मधली पिढी, विशेषतः घरातील सून किंवा लेक. म्हणून नातवंडांना खरी जबाबदारी द्यावी. एकाने आजी-आजोबांच्या औषधांची यादी, डॉक्टरांच्या चिठ्ठीचे छायाचित्र आणि तातडीचे क्रमांक 108 व 112 मोबाइलमध्ये ठेवावेत. दुसऱ्याने पाण्याच्या वेळा सांभाळाव्यात. विश्वासाने सोपवलेले काम मुले चोख करतात, असा माझा अनुभव आहे. दुपारचे दोन तास सुनेचे किंवा लेकीचे स्वतःचे असावेत. त्या वेळात तिला कोणीही हाक मारू नये.

शेवटची गोष्ट ज्येष्ठांसाठी. ‘मी दमलो, आज मी येत नाही’ असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे आणि ते वेळेवर म्हणणे ही इतरांवर मेहेरबानीच आहे. संकोचाने ओढत नेलेली एक दुपार पुढचे दोन दिवस आजारपणात घालवते. तंबूच्या दाराशी उन्हात बसून नातवंडांना टेकडीवरून धावत खाली येताना पाहणे हाही सहलीचाच भाग आहे. तेवढ्यासाठीही जावे.