चपला सांभाळणारा मुलगा



आमच्या बोरगावच्या संडे स्कूलमध्ये बारा वर्षांचा एक मुलगा येतो. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. मेंदूला इजा झाल्यामुळे स्नायूंवर पुरता ताबा राहत नाही. तो उजवा पाय ओढत चालतो. उपासना संपली की मुले अंगणात फुटबॉल खेळतात. कोल्हापूर जवळच, त्यामुळे तिथल्या तालमींच्या सामन्यांचे वेड इकडेही आहे. हा मात्र पायरीवर बसून सगळ्यांच्या चपला सांभाळायचा. आम्ही दर रविवारी त्याच्यासाठी प्रार्थना करत होतो, पण चेंडू कधी त्याच्याकडे दिला नाही.

एकदा त्यानेच विचारले, "दादा, माझ्यासारख्यांची टीम असते का?"

आम्हाला ठाऊक नव्हते. शोधले तेव्हा कळले, असते! सेरेब्रल पाल्सी, पक्षाघात किंवा डोक्याला मार लागल्यामुळे अपंगत्व आलेल्या खेळाडूंचे राष्ट्रीय संघ आहेत. एका संघात सात जण, तीस-तीस मिनिटांचे दोन डाव. ऑफसाइड नाही. बाहेर गेलेला चेंडू एका हाताने घरंगळत आत टाकला तरी चालतो. 1984 ते 2016 पर्यंत हा खेळ पॅरालिम्पिकमध्ये होता. 2016 साली रिओमध्ये युक्रेनने अंतिम सामन्यात इराणला जादा वेळेत 2-1 असे हरवून सुवर्णपदक जिंकले. टोकियोपासून मात्र तो पॅरालिम्पिकमधून वगळला गेला. तरी संघ खेळतच आहेत.

पण एका नियमाने आम्हाला थांबवले. खेळाडूंचे तीन गट असतात. ज्यांच्या हालचालींवर सर्वांत जास्त परिणाम झाला आहे, त्या गटातला निदान एक खेळाडू सतत मैदानात असावाच लागतो. त्याला बाकावर बसवून सामना जिंकता येत नाही.

पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 12 व्या अध्यायात शरीराच्या अवयवांविषयी हेच सांगितले आहे. जो अवयव दुबळा दिसतो, त्याच्यावाचून शरीराचे चालत नाही. हा अध्याय आम्ही कितीदा वाचला, शिकवलासुद्धा. तेव्हा तो मुलगा बाहेर पायरीवरच होता.

पुढच्या रविवारी आम्ही त्याच्याजवळ जाऊन क्षमा मागितली. मुलांनी आपला नियम केला: तो मैदानात आल्याशिवाय खेळ सुरू करायचा नाही. पहिल्याच दिवशी तो दोनदा पडला. त्याची आई धावत निघाली, तर तो ओरडला, "आई, थांब, चेंडू माझ्याकडे आहे!" ती जागीच थांबली आणि पदराने डोळे पुसू लागली.

त्याचा पाय अजून तसाच आहे. त्याच्यासाठी प्रार्थना आम्ही आजही करतो. पण आता आधी स्वतःसाठी करतो: प्रभू, तुझ्या अंगणात आम्ही कोणाला पायरीवर बसवून ठेवले आहे, ते आम्हाला दाखव. आमेन.

आता चपलांना राखणदार नाही. अजून एकही हरवलेली नाही.